भूत कितीही भयानक चालेल, पण त्याला नियम हवा

ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांना यात नवीन काही नाही. पण लोकलच्या गर्दीत ज्यांना धड ऐकू येत नाही, किंवा ज्यांना ऑफिसात बॉसच्या पाठीमागे गुपचूप वाचायचंय, त्यांच्यासाठी नेहमीसारखाच हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना मी जिथे चार वेळा "म्हणजे बघा" म्हणालो, तिथे एकदाच ठेवलंय.

झालं असं की एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, तू चांगला शिकलेला माणूस. भुतं, राक्षस, सुपरहिरो असले पोरकट सिनेमे एवढे मन लावून कसे बघतोस?" प्रश्न प्रेमाने विचारला होता, त्यामुळे राग नाही आला. पण उत्तर द्यायला बसलो तर आठवडा गेला. आणि उत्तरात एक अशी गोष्ट आली, जी मी आजवर इथे सांगितली नव्हती. ती मध्येच येईल. आणि हो, स्पॉयलर आहेत. 'तुंबाड' अजून पाहिला नसेल तर आधी तो बघून या, मी थांबतो.

सुरुवात आजीपासून. आमचं गाव राजापूर तालुक्यात. मे महिन्याच्या सुट्टीत लाईट गेली की आजी पडवीत बसून भुताच्या गोष्टी सांगायची. आता आठवलं की लक्षात येतं, तिच्या गोष्टींत भूत कसं दिसतं याला फार महत्त्व नव्हतं. तिचा सगळा भर असायचा तो भूत कसं वागतं यावर. मुंजा पिंपळावर राहतो, कारण मुंज झाली आणि लग्नाआधीच पोरगा गेला, त्याची इच्छा राहिली. गिऱ्हा पाण्यात असतो, म्हणून तिन्हीसांजेला एकट्याने वहाळावर जायचं नाही. चकवा लागला तर धावाधाव करायची नाही, आहे तिथेच उजाडेपर्यंत बसून राहायचं. प्रत्येकाचं घर ठरलेलं, वेळ ठरलेली, हवं काय तेही ठरलेलं. आणि माणूस कुठे चुकला की ते अंगावर येणार, हेही ठरलेलं.

कोकणातले लोक हे लगेच ओळखतील. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे देवाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. केवढा साधा हिशोब आहे बघा! जो फिरेल त्याच्या चपला झिजणारच. अद्भुत गोष्ट पटते ती अशा हिशोबामुळे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. भयपट असो, फँटसी असो की कॉमिक बुकवरचा सिनेमा, मला मजा येते ती नियमांमुळे. व्हीएफएक्स, दचकवणारे आवाज, अंधारातून अचानक येणारा हात, हे सगळं फोडणीतल्या हिंगासारखं. डाळच नसेल तर हिंग टाकून काय उपयोग?

एक उदाहरण पटकन देतो. रायन कूगलरचा 'सिनर्स' (२०२५). सन १९३२, अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य, क्लार्क्सडेल गाव. मायकेल बी. जॉर्डन जुळ्या भावांच्या भूमिकेत. त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी गाण्याबजावण्याचा आणि दारूचा एक अड्डा उघडलाय, आणि दारात येऊन उभे राहतात व्हॅम्पायर. आता व्हॅम्पायरचा जुना नियम असा की घरातल्याने "या" म्हटल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. नियम शेकडो सिनेमांत वापरून गुळगुळीत झालाय. पण ज्या माणसांना बाहेरच्या जगात कुठल्याच दारातून सरळ आत घेत नाहीत, त्यांच्या स्वतःच्या एकुलत्या एका दारावर हा नियम आणून ठेवला की त्याला धार येते. आत कोणाला घ्यायचं हे ठरवायचा हक्क त्यांना त्या एका रात्रीपुरता मिळालाय. त्या उंबरठ्यावरचं नुसतं बोलणं ऐकून माझे हात गार पडले होते. रक्तबिक्त नंतर.

आता 'तुंबाड'.

मी तो पहिल्यांदा पाहिला २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये. थिएटरात आम्ही धरून पंधराएक जण असू. राही अनिल बर्वे यांचं दिग्दर्शन, सोहम शाह विनायक रावच्या भूमिकेत, आणि पडद्यावर न थांबणारा पाऊस. नाव 'तुंबाडचे खोत' या श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आणि कथेची प्रेरणा नारायण धारपांची, म्हणजे मराठी वाचणाऱ्याला दोन्हीकडून घरचं आमंत्रण. तेव्हा मी खूश होऊन बाहेर पडलो. "आपल्याकडेही असं बनू शकतं!" एवढंच डोक्यात.

नियम आठवा. हस्तर हा पूर्तीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याला सोनं मिळालं, पण धान्यावर हात टाकायला गेला तिथे देवांनी त्याला अडवलं. म्हणून त्याच्याकडे सोनं आहे आणि पोटात कायमची भूक. त्याच्यासमोर कणकेची बाहुली टाकायची, तो तिच्यावर तुटून पडला की तेवढ्यात त्याच्या लंगोटातली नाणी ओढून घ्यायची. भोवती पिठाचं रिंगण आखायचं, त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि दोरीवरून वर पळायचं. बस्स. हे नियम दहा वर्षांच्या पोरालाही पाठ होतील, आणि सिनेमात एक पोरगा ते पाठ करतोही.

२०२४ च्या १३ सप्टेंबरला 'तुंबाड' पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मीही मित्रासोबत गेलो. थिएटर भरलेलं होतं, लोक टाळ्या वाजवत होते. आणि मध्यंतरानंतर मला बसवेना.

सांगतो. त्याआधीचं दीड वर्ष मी फोनवर ऑप्शन ट्रेडिंग करत होतो. आमच्यापैकी कितीतरी जण करतात, ऐकणाऱ्यांतही असतील. ताईच्या लग्नासाठी बाबांनी काही पैसे माझ्या खात्यात ठेवले होते. मी त्यातले "थोडे दिवस" वापरत होतो. माझा नियम होता: रोज दोन हजार सुटले की अ‍ॅप बंद. आणि मंडळी, कित्येक महिने तो नियम मी पाळला. खरंच पाळला. म्हणूनच तर मला वाटायला लागलं की मला जमतंय.

विनायक अगदी तसाच आहे. पहिल्यांदा बघताना मला तो हावरट वाटला होता. दुसऱ्यांदा बघताना तो शिस्तीचा वाटला, आणि त्याचीच भीती वाटली. तो मूर्ख नाही. थोडी नाणी काढतो, वर येतो, पुण्याला परत जातो, पैसे संपले की पुन्हा येतो. वर्षानुवर्षं एकही चूक करत नाही. मग बापलेकांच्या डोक्यात हिशोब येतो: एका बाहुलीवर इतकी नाणी, तर पुष्कळ बाहुल्या नेल्या तर? सगळा लंगोटच हाती लागेल! म्हणून ते ढीगभर बाहुल्या घेऊन खाली उतरतात. आणि मग कळतं की जितक्या बाहुल्या, तितके हस्तर.

नियम मोडलाच नव्हता. तो तसाच होता, त्यांनी फक्त त्याला गुणलं.

मी त्या वर्षीच्या जूनमध्ये नेमकं हेच केलं होतं. दोन हजारांची पद्धत बरोबर आहे ना, मग लॉट दहापट करू. दोन दिवसांत एक लाख चाळीस हजार गेले. कोणाला सांगितलं नव्हतं. पडद्यावर एकामागून एक हस्तर उभे राहिले तेव्हा शेजारी मित्र ओरडत होता, "काय सीन आहे यार!" आणि मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

घरी जाऊन ताईला सगळं सांगितलं. ती काय म्हणाली ते इथे सांगणार नाही. पैसे मी अजून फेडतोय. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नाहीच, त्यानंतर दहा दिवसांनी सेबीचा अभ्यास आला: फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोकांना तीन वर्षांत तोटा झालाय, सरासरी सुमारे दोन लाखांचा. तो आकडा मी जूनमध्ये वाचला असता तर? खरं सांगतो, मी स्वतःला उरलेल्या सात टक्क्यांत धरलं असतं. आकडा मला थांबवू शकला नसता. बाहुल्यांनी थांबवलं.

यानंतर 'ब्रमयुगम' पाहिला, मल्याळम, २०२४ चाच. राहुल सदाशिवन यांचा, पूर्ण कृष्णधवल. सतराव्या शतकातलं मलबार, रानात एक पडका वाडा, त्यात मामुट्टी नावाचा डोंगर. एक गाणारा माणूस आसऱ्याला येतो आणि मालक त्याला फाशांचा डाव खेळायला बसवतो. पणाला लावायला त्याच्याकडे काहीच नाही. मालक म्हणतो, वेळ लाव. तो हरतो, आणि वाड्यातून बाहेर पडायचा मार्गच बंद होतो. मी हा फोनवर बघत होतो, रात्री दोन वाजता. वेळ कोण कोणाकडे हरतंय, हा विचार आला आणि फोन पालथा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर पुरा केला. मामुट्टीचं हसणं तसंही मोठ्या पडद्यावरच बघायला हवं.

असो. फार गंभीर झालो, थोडं सुपरहिरोंकडे वळू.

भयपटात माणूस नियमाला फसतो. कॉमिक बुकच्या सिनेमात उलटं असतं, तिथे हिरो नियमाशीच भांडतो. 'स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३) मला म्हणूनच एवढा आवडतो. त्यात हजारो स्पायडरमॅन आहेत, 'मुंबॅटन'मधला आपला पवित्र प्रभाकरसुद्धा. (हा पवित्र सिनेमासाठी बनवलेला नाही बरं का, २००४ साली भारतीय स्पायडरमॅनचं कॉमिक आलं होतं, तिथला तो.) आणि सगळ्यांवर एक नियम: प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात जवळचा माणूस जाणारच, त्याला वाचवायला गेलात तर ते जगच कोसळेल. माइल्सला कळतं की पुढचा नंबर त्याच्या वडिलांचा आहे. तो म्हणतो, मी नाही मानत. आणि मग इतर सगळे स्पायडरमॅन त्याच्या मागे लागतात! इतका सोपा, इतका घट्ट पेच आहे की रंगांचा एवढा धुमाकूळ चालू असतानाही कोण कशासाठी पळतंय हे एक क्षणही हरवत नाही.

याउलट 'एंडगेम'नंतरच्या मार्व्हलचं काय झालं? २०१९ ला टोनी स्टार्क गेला तेव्हा थिएटरात आजूबाजूला मुसमुसणं ऐकू येत होतं, माझंही त्यात धरा. मग मल्टिव्हर्स आलं. एक मेला तर दुसऱ्या विश्वातून दुसरा आणू. २०२४ मध्ये जाहीर झालं की रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येतोय, यावेळी डॉक्टर डूम म्हणून. मी बघणार, तिकीटही पहिल्या दिवसाचं काढणार, खोटं कशाला बोलू! पण रडू येईल असं वाटत नाही. मेलेला परत येतो हा नियम चालेल, आजीच्या गोष्टींत तर सगळेच परत येतात. पण येताना काहीतरी मोजावं लागतं. इथे मोजावं काहीच लागत नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र बघायच्या असतील तर 'लोका चॅप्टर १: चंद्रा' बघा, ऑगस्ट २०२५ चा मल्याळम सिनेमा, दिग्दर्शक डॉमिनिक अरुण. केरळच्या लोककथांत यक्षी असते. रात्री वाटसरूला गाठून पानासाठी चुना मागणारी सुंदर बाई, चुना दिला की संपलं. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध नीली. सिनेमाने तिला आजच्या बंगळुरूत आणलं आणि सुपरहिरो केलं. भूक तीच, फक्त ती कोणावर भागवायची हे आता ती ठरवते. कल्याणी प्रियदर्शन एकटीच्या खांद्यावर सिनेमा नेते. शेवटाकडे पुढच्या भागांची जाहिरात जरा जास्त होते, ते सोडून द्या.

आणि आपला 'मुंज्या' (२०२४)? आदित्य सरपोतदारांचा, म्हणजे ज्यांनी डोंबिवलीत झोंबी आणून 'झोंबिवली' केला तेच. कोकण, मुंज, अपुरी राहिलेली लग्नाची इच्छा, सगळा माल आजीच्या पडवीतला. पहिला अर्धा तास मी लहान मुलासारखा बघत होतो. मुंज्या फक्त रक्ताच्या नात्यालाच दिसतो हा नियमही झकास, कारण मग पळून जाणार कुठे? दुसऱ्या अर्ध्यात विनोदाच्या नादात तो नियम जरा ढिला पडतो, तिथे माझंही लक्ष ढिलं पडलं.

गेल्या गणपतीला गावी गेलो तेव्हा आजीला फोनवर 'मुंज्या' लावून दिला. आता तिला नीट दिसत नाही, फोन नाकाशी धरून बघते. सुहास जोशींना आजीच्या भूमिकेत बघून खूश झाली. मग तो कॉम्प्युटरवर बनवलेला मुंज्या आला, दात काढून हसला, उड्या मारल्या. आजीने चष्मा काढला.

"हा कसला मुंजा रे? मुंजा इतकी बडबड करतो होय?"

मी म्हटलं, "अगं आजी, सिनेमा आहे."

"असू दे. पण पिंपळ सोडून एवढा लांब हिंडतो, त्याला कोणी सोडला?"

वीस मिनिटांत तिला झोप लागली. फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि उरलेला सिनेमा मी आवाज बंद करून पाहिला.

पुढच्या एपिसोडला भेटू. तुमच्या आजीचं भूत कुठे राहतं आणि त्याचा नियम काय, ते व्हॉइस नोटवर पाठवा. एक मिनिटाच्या आत आटपा म्हणजे झालं.