मंत्रचळ आणि मेंदूची छायाचित्रे

मंत्रचळ हा आपल्या भाषेतला जुना शब्द. मंत्राचा जप चुकला की साधकाचे चित्त ढळते, अशी समजूत होती. त्यावरून तो आला. पुढे सोवळ्याओवळ्याचा अतिरेक करणाऱ्या, तीच ती गोष्ट पुनःपुन्हा करणाऱ्या माणसालाही लोक मंत्रचळ्या म्हणू लागले. शब्दात थोडी थट्टा आहे. ज्याला हा आजार जडला, त्याला ती थट्टाच जास्त लागते.

समजा, दारव्ह्याकडील एखाद्या घरात एक सून आहे. हाताला काही घाण लागली असेल, अशी शंका तिला येते. ती हात धुते. शंका राहते. पुन्हा धुते. हातपंपावरून आणलेली घागर रिकामी होते, हातांची सालटी निघतात, पण शंका काही संपत नाही. किंवा पुसदच्या बाजारातला एखादा दुकानदार घ्या. रात्री कुलूप ओढून पाहतो, घराशी पोचतो आणि परत फिरतो. बहुधा दोघांनाही कळत असते, की हे व्यर्थ आहे. घरचे म्हणतात, नखरे आहेत. शेजारी म्हणतात, बाहेरचं काहीतरी झालं आहे. स्वच्छतेची आवड म्हणजे आजार नव्हे, हे खरे. परंतु दिवसाचा तासाहून अधिक वेळ यात जाऊ लागला, कामधंदा अडू लागला, म्हणजे तो आजार समजावा. शंभरांतील एक ते तीन माणसांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो.

हा दोष स्वभावाचा की शरीराचा? १९८७ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे लुइस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १४ रुग्णांच्या मेंदूची चित्रे घेतली. मेंदूचे इंधन साखर. साखरेसारख्या एका द्रव्याला अल्पसा किरणोत्सर्ग जोडून ते शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग अधिक काम करतो, तो ते अधिक ओढून घेतो आणि यंत्राला तेवढा उजळ दिसतो. या रुग्णांत दोन भाग विशेष उजळ दिसले. एक, डोळ्यांच्या खोबणीच्या वरचा कपाळामागचा भाग. ‘काहीतरी चुकले’ हा इशारा देण्यात त्याचा वाटा आहे. दुसरा, मेंदूच्या खोलात शेपटीच्या आकाराचा एक गोळा. त्याला पुच्छक केंद्रक म्हणतात.

ओलित करताना एक वाफा भरला की त्याचे दार मातीने बुजवून आपण पुढच्या वाफ्याचे उघडतो. विचारांचे असे दार लावण्यात पुच्छक केंद्रकाचा हात असतो, असे संशोधक मानतात. दार नीट बुजले नाही की पाणी त्याच वाफ्यात येत राहते. हात धुतले, हे डोळ्यांना दिसते. पण ‘झाले, आता पुढे’ हे मेंदू म्हणत नाही.

याहून नवलाची गोष्ट १९९२ सालची. त्याच गटाने नऊ रुग्णांना फ्लुऑक्सेटिन हे औषध दिले, आणि दुसऱ्या नऊ जणांना औषधाशिवाय केवळ वर्तनोपचार. म्हणजे काय? ज्या वस्तूची भीती वाटते तिला शिवायचे आणि हात धुवायचे नाहीत. जीव घाबरतो, तो हळूहळू आपोआप शांत होतो. दहा आठवड्यांनी पुन्हा चित्रे घेतली. ज्यांना गुण आला त्यांच्या उजव्या पुच्छक केंद्रकाची धावपळ कमी झाली होती, मग गुण गोळीने आलेला असो की सरावाने! मनाचे दुखणे आणि शरीराचे दुखणे अशी आपण जी भिंत घालतो, ती इथे फारशी टिकत नाही.

आता कुणी म्हणेल, चला तर नागपूरला, सुनेच्या डोक्याचा एमआरआय काढून आणू. थांबा. २०१७ साली अनेक देशांच्या संशोधकांनी १,८०० हून अधिक रुग्णांची चित्रे एकत्र करून तपासली. आपल्या बंगळुरूच्या निमहान्स संस्थेचाही त्यात सहभाग होता. फरक सापडले, पण बारीक. सरासरी काढल्यावरच दिसणारे. एकट्या माणसाच्या चित्रावरून हा आजार आहे किंवा नाही, हे सांगता येत नाही. शिवाय मेंदूतल्या या फरकामुळे आजार जडतो की आजारामुळे हा फरक पडतो, याचाही निवाडा त्या चित्रांवरून होत नाही. डॉक्टरांना डोक्याची दुसरी काही शंका आली तर गोष्ट वेगळी. एरवी त्या यंत्रासाठी कापसाचे पैसे घालवू नयेत. निदान होते ते बोलण्यातून.

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवावे. जाताना दोन दिवस घड्याळ पाहून, कशात किती वेळ गेला ते लिहून न्यावे. औषधाचा गुण यायला दोन-तीन महिनेही लागतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडू नये. ‘हात स्वच्छ आहेत ना?’ असे तिने विसाव्यांदा विचारले, तर रागावू नये आणि ‘हो, आहेत’ असेही पुनःपुन्हा सांगत बसू नये. त्या उत्तराने घटकाभर बरे वाटते आणि शंका अधिक बळावते. जाणे जमत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर, २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेत, मराठीतून फुकट बोलता येते.