स्पीकर का गुणगुणतो?

मुलांनो, संगणकाच्या तासाला किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीत हे तुम्ही नक्की ऐकलं असेल. गाणं अजून लागलेलंच नाही, आणि स्पीकर आपला एकटाच ‘घूंऽऽऽ’ करत बसलाय! मागे बारीकशी ‘स्स्स’ पण चालूच. मग कुणीतरी पुढे होतो आणि स्पीकरच्या डोक्यात दोन थापट्या मारतो. कधीकधी आवाज थांबतोही. का थांबला, ते मात्र थापट्या मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तुम्ही म्हणाल, एवढंसं घूं झालं तर काय बिघडलं? बिघडतं बरं का! पेण-रोह्याकडच्या कितीतरी शाळांत आता कविता नि गोष्टी संगणकावरून ऐकवतात. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं उंच, बारीक आवाजाची. स्पीकरची ‘स्स्स’ नेमकी त्यांच्यावरच पसरते. मग मागच्या बाकावरच्या मुलाला ‘शाळा’ की ‘साळा’ ते कळत नाही, आणि मास्तर म्हणतात, याचं लक्ष नाही!

आता एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. घूं आणि स्स्स ही दोन वेगळी दुखणी आहेत. औषधही वेगळं.

आधी घूं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावे घेते. (अमेरिकेत ६० वेळा, म्हणून तिथलं घूं किंचित उंच पट्टीतलं!) स्पीकरच्या आतल्या ॲम्प्लिफायरला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. म्हणून आत डायोड बसवलेले असतात. ते उलटा हेलकावा सुलटा करतात. पुष्कळ स्पीकरांत यातून सेकंदाला १०० उंचवटे तयार होतात. ते सपाट करायचं काम कपॅसिटरचं. नळाला पाणी थांबून थांबून आलं, तरी टाकीच्या तोटीतून सरळ धार येते ना? कपॅसिटर म्हणजे ती टाकी. तो म्हातारा झाला की त्याचं डोकं फुगतं, धार तुटायला लागते आणि १०० उंचवटे आपल्या कानावर येतात.

हे ओळखायचं कसं? आवाजाची केबल स्पीकरच्या मागून काढा आणि बटण शून्यावर आणा. तरीही घूं चालूच? मग दोष बहुधा स्पीकरच्या पोटात. तिथे तुम्ही हात घालायचा नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. दुरुस्तीवाल्याकडे न्या. भाग छोटा नि स्वस्त असतो, त्यासाठी सगळा स्पीकर भंगारात घालायला नको.

केबल काढल्यावर घूं थांबलं, तर मात्र चोर बाहेरचा. समजा, संगणक एका भिंतीवरच्या तीन पिनच्या प्लगला आहे आणि मोठा ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर. दोघांनाही अर्थिंग आहे. शिवाय आवाजाच्या केबलमधली तारेची जाळी दोघांना जोडते. झालं, एक मोठं गोल रिंगण तयार! दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये विजेच्या दाबाचा थोडा जरी फरक असला, तरी या रिंगणातून ५० हेलकाव्यांची वीज फिरते आणि आवाजात मिसळते. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

आणि इथेच एक भयंकर युक्ती कुणीतरी शिकवतं: ‘वरची जाडी पिन काढून टाक, घूं बंद!’ घूं खरंच बंद होतं, कारण रिंगण तुटतं. पण उद्या आतली जिवंत तार सुटून पत्र्याच्या खोक्याला लागली, तर त्या विजेला जमिनीत जायची वाट उरत नाही. मग जो कुणी खोक्याला हात लावेल, वीज त्याच्यातून जाईल. पावसाळ्यात आपल्याकडे फरशी ओली, भिंत ओली, पायही ओले. गाणं स्वच्छ ऐकण्यासाठी जीव धोक्यात घालायचा का? ती जाडी पिन कध्धी काढायची नाही!

खरा उपाय अगदी सोपा आहे. दोन्ही प्लग मोठ्यांकडून एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावून घ्या. तेवढ्याने पुष्कळदा काम होतं. नाहीच झालं, तर केबलमध्ये बसवायची ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची डबी मिळते. तिच्यात इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज चुंबकाच्या जोरावर पलीकडे जातो, तारेला तार जोडावी लागत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. घूं गेलं तर चोर चार्जरच्या वाटेने येतोय.

आता स्स्स. ही विजेच्या तारांतून येत नाही, उष्णतेतून येते! कोणत्याही वाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत चुळबुळत असतात, सुट्टीच्या आधीच्या तासाला तुम्ही चुळबुळता ना, तसे. जॉन्सन यांनी ही चुळबुळ मोजली, नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडलं. साल १९२८. दोघंही स्वीडनमध्ये जन्मलेले नि अमेरिकेत काम करणारे. ही स्स्स पूर्ण घालवता येत नाही, पण दाबता येते. पुष्कळ जण संगणकावरचा आवाज बारीक ठेवतात नि स्पीकरचं बटण शेवटपर्यंत पिळतात. मग स्पीकर गाण्याबरोबर चुळबुळही मोठी करतो. उलट करा: संगणकावर आवाज शंभरातला ऐंशीच्या आसपास, आणि स्पीकरचं बटण लागेल तेवढंच.

किरकोळ खोड्याही असतात. टकटकटक असा आवाज आला तर शेजारचा मोबाइल उचलून लांब ठेवा. माऊस हलवल्यावर चिरचिर होत असेल, तर यूएसबीवर चालणारा स्पीकर वेगळ्या ॲडॅप्टरवर लावून पाहा. पेणला गणपतीच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्यांनी, रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना स्पीकर ‘खट्’ करतो का तेही बघावं. आणि कोकणातल्या दमट हवेने जॅकवर गंज धरतो, मग खरखर सुरू होते. सगळं बंद करून जॅक कोरड्या फडक्याने पुसा, आणि चार-पाच वेळा आतबाहेर करा.