इंजिनाचा द्वारपाल

आपला देश उष्ण, तेव्हा मोटारीचे इंजिन जितके थंड राहील तितके बरे, ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. या समजुतीपायी थर्मोस्टॅट नावाच्या एका लहानशा भागाचा वर्षानुवर्षे बळी जात आला आहे. गाडी तापते अशी तक्रार घेऊन गेले की पुष्कळ मिस्त्री तो सरळ काढून टाकतात आणि म्हणतात, "साहेब, आपल्या हवेत याचं काय काम?" माझ्या पंचवीस वर्षांच्या जुन्या गाडीतही पूर्वीच्या मालकाने हेच करवून घेतले होते. तो भाग पुन्हा बसवताना मला जे कष्ट पडले, आणि जी एक चूक माझ्या हातून घडली, तिची हकीकत आज आपणांस सांगावी म्हणतो.

प्रथम या भागाचे कार्य पाहू. सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा क्षणभर तेथील वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ही उष्णता इंजिनाभोवती खेळणारे पाणी शोषून घेते आणि रेडिएटरमध्ये जाऊन हवेत सोडून देते. परंतु सकाळी थंड इंजिन सुरू करताच सर्व पाणी रेडिएटरमधून फिरू लागले, तर इंजिन लवकर तापणारच नाही. थंड इंजिनाला पेट्रोल अधिक लागते. जळणातून निघालेली वाफ तेलात मिसळून त्याचा ताकासारखा पांढुरका साका बनतो आणि आतील भागांची झीज वाढते. म्हणून वाटेत एक द्वारपाल नेमलेला असतो. पाणी ठराविक तापमानाला पोहोचेपर्यंत तो रेडिएटरचा दरवाजा बंद ठेवतो. हाच थर्मोस्टॅट.

याला वीज लागत नाही, की चालकाचा हात लागत नाही. पितळेच्या एका छोट्या डबीत मेण भरलेले असते. तापून वितळू लागले की मेण प्रसरण पावते, मधल्या दांडीला रेटते आणि स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते. निवले की स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. १९३० नंतरच्या दशकात सर्जियस व्हर्ने या संशोधकाने ही मेणाची युक्ती प्रचारात आणली. आजही बहुतेक गाड्यांतून तीच चालते. झडप कोणत्या अंशाला उघडू लागते तो आकडा भागावरच कोरलेला असतो. माझ्या गाडीचा आकडा ८२ होता. अशी झडप ८२ अंशांना किलकिली होते आणि सुमारे ९५ अंशांना पूर्ण उघडते.

कित्येक इंजिनांत या भागाला खाली दुसरी तबकडी असते. इंजिन तापले की ती पाण्याची आडवाट बंद करते आणि सर्व पाणी रेडिएटरकडे वळवते. असा थर्मोस्टॅट काढून टाकला तर आडवाट कायमची उघडी राहते, बरेचसे गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात शिरते आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. रोग बरा करण्यासाठी काढलेला भागच अशा वेळी रोगाचे कारण ठरतो.

आता तो सापडतो कोठे? २०१४ पर्यंत निघत असलेल्या अँबॅसडर गाडीच्या जुन्या पेट्रोल इंजिनात तो अगदी पुढे, वरच्या बाजूस असे. तीन नट सोडले की काम झाले. पुढे इंजिने आडवी बसू लागली, बॉनेटखालची जागा आकसली आणि हा द्वारपाल अडगळीत गेला. फोक्सवॅगन गोल्फच्या दुसऱ्या पिढीतील काही चार सिलिंडरी इंजिनांत तो पाण्याच्या पंपाच्या तळाशी असतो. गाडीखाली निजल्यावाचून त्याचे दर्शन होत नाही. माझ्या गाडीत तो हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या खाली, मागच्या पत्र्याच्या भिंतीला लागून होता. दोन बोल्टांपैकी वरचा दिसत होता. खालचा केवळ बोटांना जाणवत होता.

अशा कामात बळापेक्षा क्रमाला महत्त्व आहे. इंजिन पूर्ण निवल्याखेरीज रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या पुढेही ते उकळत नाही. झाकण काढताच दाब उतरतो आणि उकळते पाणी वाफेसह अंगावर उसळते. पाणी खाली काढताना ते भांड्यात धरावे. त्यात मिसळलेले ग्लायकॉल चवीला गोड परंतु विषारी असते. अंगणातले कुत्रे वा लहान मूल ते चाटू शकते. नंतर हवेच्या गाळणीची पेटी काढावी आणि सोडलेल्या प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधावी. इंजिनाच्या खालच्या फटींत जुने कापड कोंबावे, म्हणजे निसटलेला बोल्ट पाताळात जात नाही.

खालच्या बोल्टासाठी लांब दांडी आणि वळणारा सांधा लावून पाना पोहोचवावा लागतो. ॲल्युमिनियममध्ये रुतलेला पोलादी बोल्ट गंजून जणू एकजीव झालेला असतो. त्यावर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. दुसऱ्या दिवशी किंचित पुढे, किंचित मागे असे करीत तो सोडवावा. येथे घाई केली आणि बोल्टाचे डोके तुटले, तर अर्ध्या दिवसाचे काम आठवड्यावर जाते. जुने गॅस्केट लाकडी पट्टीने खरवडावे. पोलादी पात्याने मऊ धातूवर ओरखडे पडतात आणि तेथूनच पुढे पाणी झिरपते. नवा भाग बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला आणि हवा सोडणारे बारीक छिद्र असेल तर ते वरच्या अंगाला ठेवावे. तो आपल्या खाचेत नीट बसला आहे याची बोटाने खात्री करावी आणि मगच दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत.

हे सारे मी केले. केले नाही ते एकच: नवा भाग तपासून पाहिला नाही. नव्या कोऱ्या वस्तूत दोष कसा असेल, असे वाटले. पुढच्या रविवारी आईला घेऊन साताऱ्यास निघालो. सपाटीवर काटा मध्यावर स्थिर होता. खंबाटकीचा घाट चढू लागताच तो हळूहळू तांबड्या रेघेकडे सरकला. मी आतला हीटर पूर्ण सुरू केला, कारण तोही एक लहानसा रेडिएटरच असतो, आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी कडेला घेतली. उन्हात, गरम वाऱ्याच्या झोतात, सत्तरी ओलांडलेली आई काही न बोलता बसून होती. इंजिन निवेपर्यंतचा तो पाऊण तास मी विसरलेलो नाही.

घरी येऊन पुन्हा तीच नळ्यांची अडगळ, तोच न दिसणारा बोल्ट. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात, तळाला टेकू न देता लोंबकळत सोडला आणि शेजारी तापमापक धरला. झडप ८२ अंशांना हलली खरी, पण पाणी उकळू लागले तरी जेमतेम अर्धीच उघडली. सपाटीवर तेवढे पुरत होते. घाटाला पुरले नाही. दुसरा भाग आणला, त्याची मात्र आधी पातेल्यात परीक्षा घेतली आणि मगच बसवला. नंतर पाणी सावकाश भरले, हीटर चालू ठेवून इंजिन झाकणाविना मंद चालवले आणि अडकलेली हवा बुडबुड्यांवाटे निघू दिली. वरची रबरी नळी एकाएकी गरम झाली तेव्हा द्वार उघडल्याची खूण पटली. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी पुन्हा पाहिली.

जो भाग सहज हाती लागतो त्याची परीक्षा बसवल्यानंतर घेतली तरी चालते. परंतु ज्याच्यापर्यंत पोहोचायला दिवस मोडावा लागतो, त्याची परीक्षा आधीच घेतली पाहिजे. त्याच वेळी शेजारची जीर्ण रबरी नळीही बदलून टाकावी. पुन्हा तेथवर जाण्याचे कष्ट वाचतात. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात दहा मिनिटे पाणी तापवणे एवढेच ते काम. ते मी टाळले, आणि त्याची किंमत आईला घाटात बसून मोजावी लागली.