प्रवेश चाचणी पुन्हा द्यावी का? आधी इयत्ता, जागा आणि वय तपासा
नवी मुंबई, प्रतिनिधी - वार्षिक परीक्षेची चाहूल लागली की नवी मुंबईतील अनेक घरांत आणखी एका परीक्षेची चर्चा सुरू होते. राज्य मंडळाच्या शाळेतून सीबीएसई किंवा आयसीएसईच्या शाळेत जायचे असते, कुणाचे घर ऐरोलीहून खारघरला हललेले असते, तर कुणाला दहावीनंतर सीबीएसईच्याच शाळेत विज्ञान शाखा हवी असते. शाळा चाचणी घेते. काही दिवसांनी ‘निवड झाली नाही’ असा निरोप येतो आणि हवे असल्यास पुन्हा चाचणी देता येईल, असेही सुचविले जाते. मग प्रश्नांची मालिका सुरू होते. पुन्हा शुल्क भरायचे का? शिकवणी लावायची का? आणि मुख्य म्हणजे, हिरमुसलेल्या मुलाला पुन्हा त्याच बाकावर बसवायचे का?

हा निर्णय बहुतेक वेळा घाईत आणि काहीशा अपमानाच्या भावनेतून घेतला जातो. वस्तुतः तो तीन साध्या गोष्टींवर अवलंबून असतो. मूल कोणत्या इयत्तेत जाणार आहे, त्या वर्गात जागा किती आहेत आणि पहिल्या प्रयत्नात नेमके काय कमी पडले, या त्या तीन गोष्टी होत. याच क्रमाने विचार केला तर अनेक पालकांचा प्रश्न पहिल्याच पायरीवर सुटू शकतो.

आठवीपर्यंत चाचणीच बेकायदा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ नुसार शाळेला प्रवेश देताना देणगी घेता येत नाही आणि बालकाची किंवा त्याच्या पालकांची कोणत्याही प्रकारची छाननीही करता येत नाही. छाननीची कायद्यातील व्याख्या फार व्यापक आहे. सोडतीसारखी यादृच्छिक पद्धत सोडून, एका मुलाऐवजी दुसऱ्याला पसंती देण्यासाठी वापरलेली कोणतीही निवड पद्धत म्हणजे छाननी. त्यामुळे लेखी परीक्षेला ‘संवाद’, ‘निरीक्षण’ किंवा ‘पातळी निश्चिती’ असे सौम्य नाव दिले, तरी तिच्या आधारे प्रवेश नाकारला जात असेल तर ती छाननीच ठरते. असा भंग प्रथम झाल्यास २५ हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

हा कायदा पहिली ते आठवी या प्राथमिक शिक्षणासाठी आहे. म्हणजेच तिसरीच्या किंवा सहावीच्या प्रवेशासाठी ‘पुन्हा चाचणी द्यावी का’ हा प्रश्नच मुळात चुकीचा ठरतो. पहिली चाचणीच घेता येत नव्हती, तर दुसरीचे शुल्क कशाचे भरायचे?

या नियमाला दोन महत्त्वाच्या मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि मे २०१४ मध्ये अनुदानितांसह सर्वच अल्पसंख्याक शाळांना या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका खंडपीठाने २०१४ च्या निर्णयाबाबत शंका व्यक्त करून हा विषय मोठ्या खंडपीठाकडे नेण्याच्या दृष्टीने सरन्यायाधीशांपुढे ठेवला. दुसरी मर्यादा पूर्वप्राथमिक वर्गांची आहे. कायद्यातील ‘बालक’ सहा ते चौदा वर्षे वयाचे आहे. त्या आधारे २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, खासगी विनाअनुदानित शाळांतील नर्सरीच्या सर्वसाधारण प्रवेशांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला होता. म्हणून शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

तक्रार कोणाकडे करायची?

कायदा स्पष्ट असूनही तक्रारी फारशा का होत नाहीत, याचे कारण पालकांना चांगले ठाऊक आहे. ज्या शाळेत मुलाला घालायचे, तिच्याशीच भांडण कोण घेणार? ही अडचण खरी आहे. तथापि तक्रार हा एकमेव मार्ग नाही. ‘निवड कोणत्या निकषावर झाली, ते लेखी कळवावे’ अशी नम्र विनंती करणारा अर्ज ही पहिली पायरी असू शकते.

त्याने काम झाले नाही, तर कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत त्यावर निर्णय होणे अपेक्षित असून, त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. नवी मुंबईकरांनी येथे हद्द नीट पाहावी. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत येतो. खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग बोलीभाषेत नवी मुंबई असले, तरी रायगड जिल्ह्यात आहेत आणि २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत मोडतात. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज टेबलांवर फिरत राहतो आणि तोपर्यंत प्रवेशाचे दिवस निघून जातात.

नववीपासून चित्र बदलते

नववीपासून पुढे मात्र शाळेच्या चाचणीला कलम १३ आड येत नाही. पुन्हा परीक्षेचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे उभा राहतो. सीबीएसई शाळेत जायचे असेल, तर नववीचा प्रवेश विशेष महत्त्वाचा ठरतो. नववी आणि दहावी हा त्या मंडळाचा सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बदलीसारखी ठोस कारणे वगळता दहावीत थेट प्रवेश मिळत नाही. ‘यंदा नाही तर पुढच्या वर्षी दहावीत पाहू’ हा विचार म्हणूनच टिकत नाही. पुढची मोकळी वेळ थेट अकरावीची.

अकरावीबाबतही एक गैरसमज दूर करायला हवा. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांतील प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने, दहावीच्या गुणांवर होतात. मुंबई महानगर क्षेत्रात अनेक वर्षे रुळलेली ही पद्धत २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात लागू झाली. करोनाकाळात दहावीची परीक्षा रद्द झाल्यावर राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२१ रोजी अकरावीसाठी सामाईक प्रवेश परीक्षा योजली होती; परंतु मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी तो शासन निर्णयच रद्द केला. तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयासाठी चाचणीचा प्रश्न नाही. स्वतःची अकरावी असलेल्या सीबीएसई व आयसीएसई शाळा मात्र आपल्या पद्धतीने प्रवेश देतात आणि चाचणी घेतली जाते ती तेथेच.

गुण किती, यापेक्षा जागा किती

जेईई मुख्य परीक्षा २०१९ पासून वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा होते आणि त्यांतील सर्वोत्तम कामगिरी धरली जाते. त्यामुळे ‘दुसरा प्रयत्न केल्याने तोटा काहीच नाही’ ही समजूत पालकवर्गात रुजली आहे. शाळेच्या चाचणीला हा हिशेब लागू पडत नाही. जेईईत पहिल्या सत्राला बसलेल्यांच्या जागा दुसरे सत्र होईपर्यंत भरून जात नाहीत. शाळेत त्या भरतात.

नववीच्या वर्गातील बहुतेक मुले त्याच शाळेच्या आठवीतून पुढे आलेली असतात. बाहेरच्यांसाठी उरतात त्या फक्त कुणी शाळा सोडून गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या किंवा नव्या तुकडीच्या जागा. समजा, अशा पाच जागा आहेत आणि पहिल्या चाचणीनंतर चार भरल्या. दुसऱ्या चाचणीला बसणारी सर्व मुले त्या एका जागेसाठी बसत आहेत. तुमच्या मुलाचे गुण पंधराने वाढले, तरी त्याच्यापुढे एखादे मूल असेल तर उत्तर तेच येणार. या चाचणीत ‘उत्तीर्ण’ असे काही नसते. असतो तो क्रम.

म्हणून पुन्हा शुल्क भरण्यापूर्वी शाळेच्या कार्यालयात चार प्रश्न विचारावेत. आज नेमक्या किती जागा रिकाम्या आहेत? प्रतीक्षा यादी आहे का आणि तिला प्राधान्य मिळणार का? दुसऱ्या चाचणीची प्रश्नपत्रिका नवी असेल का आणि कोणते गुण धरले जातील? पहिली उत्तरपत्रिका पाहायला मिळेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर टाळले जात असेल, तर बाकीच्या तीन उत्तरांना फारसा अर्थ उरत नाही.

पहिल्या वेळी काय कमी पडले?

जागा आहेत असे गृहीत धरू. तरीही मुलाला पुन्हा बसवावे की नाही, हे अपयशाच्या कारणावर ठरते. तास-दीड तासाच्या चाचणीतील गुणांत तयारीबरोबर योगायोगाचाही वाटा असतो. ताप होता, केंद्रावर उशिरा पोहोचले, एक पान उलटायचे राहिले, अशा कारणांनी थोडक्यात हुकलेले मूल दुसऱ्या वेळी अधिक चांगले करण्याची शक्यता बरीच असते. येथे पुन्हा प्रयत्न करणे योग्य ठरते आणि त्यासाठी शिकवणीचीही गरज नसते.

दुसरे कारण अभ्यासक्रमातील फरकाचे असू शकते. मंडळ बदलताना एखादा घटक एका ठिकाणी आधी, तर दुसऱ्या ठिकाणी नंतर शिकविला जातो. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलाला गणित येत असते. पण इंग्रजीतील शाब्दिक उदाहरणाशी तो अडखळतो. न शिकलेल्या प्रकरणांची यादी छोटी असेल तर सहा-आठ आठवड्यांत ती भरून काढता येते. दुसरी चाचणी पंधरा दिवसांवर असेल, तर मात्र त्याच अडचणी घेऊन मूल पुन्हा त्याच प्रश्नपत्रिकेपुढे बसेल.

तिसरे कारण पायाचे कच्चेपण. अपूर्णांक, बीजगणित किंवा वाचनाची गती यांतच दुर्बलता असेल, तर पुन्हा चाचणी हे त्यावरचे औषध नव्हे. घोकून प्रवेश मिळाला, तरी त्या वर्गाचा वेग मुलाला वर्षभर सोसावा लागेल. अशा वेळी आहे त्याच शाळेत राहून पाया पक्का करणे आणि अकरावीच्या वेळी पुन्हा विचार करणे अधिक हिताचे.

वयाची अट विसरू नका

खासगी शाळेच्या चाचणीबरोबर अनेक पालक निवासी शाळांच्या परीक्षांचाही विचार करतात. तेथे पुन्हा बसण्याचे नियम परस्परांपासून फार वेगळे आहेत. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड चाचणीला एकदा बसलेल्या मुलाला दुसऱ्यांदा बसताच येत नाही. साताऱ्याच्या सैनिकी शाळेसह सर्व सैनिक शाळांच्या सहावी प्रवेशासाठी ३१ मार्च रोजी वय १० ते १२ वर्षे आणि नववीसाठी १३ ते १५ वर्षे असावे लागते. वय बसत असल्यास सहावीसाठी दुसरा प्रयत्न शक्य असतो. पण पाचवीत असताना हुकलेले मूल पुढच्या वर्षी स्वतः सहावीत असते आणि निवड झाल्यास त्याला सहावी पुन्हा करावी लागते. एक वर्ष खर्ची पडते, हे आधीच लक्षात घ्यायला हवे. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि साडेअकरा ते तेरा वर्षे या पट्ट्यात वय बसेपर्यंत प्रयत्न करता येतो.

मुलाला काय सांगायचे?

या साऱ्या हिशेबात मूल हरवू नये. चाचणीनंतर ‘तू नापास झालास’ असे घरात म्हटले जाते, तेव्हा ते वस्तुस्थितीलाही धरून नसते. जागा थोड्या होत्या आणि निवड दुसऱ्यांची झाली, एवढेच घडलेले असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हा फरक समजतो. त्याला पुन्हा बसायचे आहे का, हे विचारणेही आवश्यक आहे. मित्र तेथे आहेत म्हणून, घरच्यांना हवे म्हणून की त्या शाळेतील एखादा विषय खरोखर शिकायचा आहे म्हणून? पहिल्या दोन कारणांवर दुसरा प्रयत्न उभा राहिला, तर तयारीचे ओझे पालकांच्याच खांद्यावर राहते.

निर्णय कोणताही असो, एक खबरदारी सर्वांनी घ्यावी. नव्या शाळेचा प्रवेश लेखी निश्चित होऊन शुल्काची पावती हाती येईपर्यंत सध्याच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढू नये. दुसऱ्या चाचणीच्या भरवशावर दाखला काढला आणि निवड झाली नाही, तर जुन्या शाळेतील जागाही गेलेली असू शकते आणि ऐन जूनमध्ये मिळेल त्या शाळेचा शोध घेण्याची वेळ येते. दुसऱ्या प्रयत्नासाठी एक तारीख ठरवावी, त्या तारखेपर्यंत शाळेचे उत्तर न आल्यास आहे त्या शाळेची पुस्तके आणावीत आणि तो विषय त्या वर्षापुरता मिटवावा.