सकाळी पुन्हा पाणी

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीत पहाटेपर्यंत जेमतेम दीड हंडा पाणी जमायचं. मी नऊ वर्षांची होते आणि अंगानं बारीक, म्हणून कमरेला कासरा बांधून मला तळाशी सोडायचे. तळाला काळा फत्तर होता आणि पश्चिमेच्या अंगाला बोट जाईल एवढी एक चीर. त्या चिरेतून रात्रभर पाझरलेलं पाणी खालच्या खोलगट जागेत साठलेलं असे. मी ते वाटीवाटीनं कळशीत भरायची आणि वरून आई दोर ओढायची. शेवटची वाटी भरली की ओला खडक तेवढा उरायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा. उद्या नाही आलं तर? वर आल्याआल्या मी आजीला तेच विचारायची. काठावर बसलेल्या आजीचं उत्तर ठरलेलं होतं. "पाणी काय आपलं हाय का गं? ज्याचं हाय त्यो बघंल. तू वाटी नीट धर, सांडू नको."

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. घर ख्रिस्ती, आजी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणणारी. पाणी ज्याचं आहे तो बघेल, हे तिचं म्हणणं मला लहानपणीच पटलं होतं. 'वाटी नीट धर' हे किती मोलाचं आहे ते कळायला मात्र पंडिता रमाबाई वाचाव्या लागल्या. गेली तीसेक वर्षं मी रमाबाईंविषयी मिळेल ते वाचते आहे. केडगावला चारदा जाऊन आले. (नगरजवळचं केडगाव वेगळं. हे दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं.) रमाबाईंवर लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या विद्वत्तेवर किंवा धर्मांतरावर लिहितात. माझं मन कायम त्यांच्या विहिरींपाशी अडतं.

चरित्र थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे मिळतं. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, मुलगी मनोरमा, लवकरच वैधव्य. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा, पुढं अमेरिका, १८८९ साली मुंबईत शारदासदन, नंतर ते पुण्यात. एवढं पुरे.

या सगळ्याच्या आधीचा काळ मात्र घाईनं उरकण्यासारखा नाही. १८७४ च्या सुमाराला हे कुटुंब दक्षिणेत तीर्थयात्रा करत असताना उपासमारीत सापडलं. होतं नव्हतं ते द्रव्य देवांना आणि ब्राह्मणांना वाहून झालं होतं. व्रतं, उपास, जप, काहीच करायचं राहिलं नव्हतं. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाले. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाशी खाल्लं, रानातली बोरं बियांसकट चावली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेतलं आणि तशी रात्र काढली. हे त्यांनी स्वतः 'माझी साक्ष' या १९०७ मधल्या आत्मकथनात सांगितलं आहे. पुढं ज्या बाईनं सृष्टीचा धनी देव आहे असं ठामपणे मानलं, तिनं उपासमार पोटातून पाहिली होती, हे लक्षात ठेवावं. भरल्या घरात बसून विश्वास सांगणं निराळं.

आता केडगाव. अमेरिकेतल्या मित्रमंडळानं शारदासदनाला दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं होतं. ती मुदत संपल्यावर संस्था कशी चालायची? फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर चालवावी, या विचारानं रमाबाईंनी केडगावला शंभरेक एकर माळरान घेतलं. तेव्हाचा तो मुलूख म्हणजे पर्जन्यछायेतला कोरडा पट्टा. आज तिथं कालवा आहे, ऊस आहे, गुऱ्हाळांचा गोड वास आहे. गाडीतून उतरणाऱ्याला जुना माळ नुसता कल्पनेनंच पाहावा लागतो. गंमत म्हणजे याच परिसरात दत्तभक्त नारायण महाराजांचं बेट आणि दत्तमंदिरही आहे. एकाच पंचक्रोशीत दोन इतके वेगळे भक्त नांदले, ही गोष्ट मला फार आवडते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. नव्या मुलींना शहरात ठेवायला मनाई झाली. मग त्या सगळ्यांना केडगावच्या माळावर तंबूत आणि झोपड्यांत आणलं. अशी 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. त्यातून सावरतात तोवर १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला गुजरातेत अजून छप्पनिया म्हणतात. तिकडच्या मुलीही आल्या, आणि मुक्तीतली माणसं दोन हजारांच्या घरात गेली.

आणि पाणी? दोन विहिरी. त्यांच्यावर एवढी माणसं, शंभरावर गुरं, भाजीचा मळा आणि चालू बांधकाम. रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे की दिवसभराच्या उपशानं संध्याकाळी विहिरींचा तळ दिसायचा, उद्याचं काय हा प्रश्न रोज पडायचा आणि रोज सकाळी पुन्हा पाणी आलेलं असायचं, ते दिवसभर पुरायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. माझ्या बोटांना ती चीर पुन्हा लागली.

भूजलाचा अभ्यास असलेल्या एका स्नेह्यांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, आपल्या काळ्या कातळात पाण्यासाठी अशी जागा फार थोडी. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत, वरच्या झिजलेल्या थरात आणि मुरमात. उपसा थांबला की आजूबाजूचं पाणी हळूहळू भेगांमधून विहिरीत उतरतं आणि सकाळपर्यंत पातळी चढते. सांगून झाल्यावर त्यांनी जरा बिचकत विचारलं, "तुमच्या श्रद्धेला धक्का तर नाही ना लागला?" मुळीच नाही. कातळाला भेगा कुणी दिल्या, हा प्रश्न तिथंच आहे. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात देव त्या दुःखी माणसाला पाऊस, हिम, समुद्र आणि रानातले प्राणी दाखवून विचारतो, की यातलं तू काय घडवलंस? ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण शेवटपर्यंत कळत नाही. तरी त्याला धीर येतो, कारण जगाचा कारभार आपल्या अंगावर नाही हे त्याला उमगतं.

पण रमाबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत, आणि माझा सगळा जीव इथंच गुंतला आहे. पाणी देवाचं म्हणून त्या प्रार्थनेला बसत आणि देवाचं म्हणूनच आणखी विहीर खणायला घेत. सुरुंग, पहार, मजुरी, हिशेब, सगळं चोख. बायबलमधला इसहाक असाच. बापाच्या विहिरी शत्रूंनी बुजवल्या तर त्यानं त्या उकरून काढल्या. नव्यांवर भांडण झालं तर तो पुढं सरकून पुन्हा खणत राहिला. मला वाटतं, विश्वास आणि पहार यांच्यात भांडण आहे असं समजणाऱ्यांनी कोरडी विहीर जवळून पाहिलेलीच नसते.

सगळ्याच मुली वाचल्या नाहीत, हेही सांगायला हवं. कित्येक जणी इतक्या खंगलेल्या आल्या की केडगावला पोचूनही गेल्या. रमाबाईंचा विश्वास या मरणांना वळसा घालून गेला नाही. १९२१ साली मनोरमाही गेली, आईच्या आधी. तेव्हा रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून साऱ्या बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. साध्या बाईला वाचता येईल असं मराठी त्यांना हवं होतं. मुक्तीच्याच छापखान्यात मुक्तीतल्याच बायका त्याचे खिळे जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतराचं काम हातावेगळं झालेलं होतं.

मागच्या वर्षी मी गावी गेले. आमची विहीर अर्धी बुजली आहे. काठावर बाभळी, आत प्लास्टिकच्या पिशव्या आणि दारूच्या बाटल्या. बोअर घेतल्यापासून तिच्याकडे कुणी वळलेलं नाही, आणि बोअरला आता मार्चमध्येच हवा लागते. भावाशी बोलणं झालं आहे, येत्या उन्हाळ्यात गाळ काढायचा. तुमच्या शेतात, वाड्यात, देवळामागं किंवा चर्चच्या आवारात अशी एखादी विहीर असेल तर तीही उपसून घ्या. पश्चिमेच्या अंगाला चीर सापडली तर मला जरूर कळवा.