भाड्याच्या घरातील कीड : प्लेगपासून अकरा महिन्यांच्या करारापर्यंत

पनवेलमध्ये भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाच्या पलंगात ढेकूण निघाले, ओट्याखाली झुरळांनी वस्ती केली किंवा दाराच्या चौकटीला वाळवी लागली, म्हणजे ती कीड कशी घालवावी याच्याही आधी ती कोणी घालवावी, हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत इतके पालटत आले आहे की, आजच्या भाडेकरूच्या पदरात नेमके काय उरले आहे हे समजण्यासाठी मागे वळून पाहणे अगत्याचे ठरते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा घरातील उपद्रव ही सर्वस्वी सरकारी बाब होऊन बसली. १८९७ च्या साथरोग कायद्याने अंमलदारांना घराच्या माजघरापर्यंत शिरण्याची मुभा मिळाली. ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवण्यात आली, भिंतींना चुना फासण्यात आला, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी आद्याक्षरांचा शिक्का उमटला. पुण्यात या झडतीची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर झालेल्या गोळीबारात झाली, हे सर्वश्रुतच आहे. उंदरावरील पिसवांतून रोग माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये. परंतु उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालाव्यात, हे त्यापूर्वीच अनुभवाने आपल्या लोकांनी जाणले होते. त्या काळच्या भाडेकरूपुढे घर सोडण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता, आणि मालकाला जाब विचारण्याची कल्पनाही त्याच्या मनाला शिवली नसावी.

तो जाब कागदावर आला तो स्वातंत्र्याच्या वर्षी. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २३ ने जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवण्याचे दायित्व मालकावर टाकले. त्याने हयगय केली, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि तो खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नव्हे, अशी ही तजवीज होती. माझ्या मते या कायद्यातील हे सर्वांत माणुसकीचे कलम होय. दुर्दैव असे की, ज्या नियंत्रणाने भाडेकरूला आसरा दिला त्यानेच भाडे गोठवले. आणि गोठलेल्या भाड्याच्या चौथाईत पोखरलेली तुळई बदलणे तर दूरच, फुटलेली मोरीही धड बांधून होत नसे. ढेकणांचा बंदोबस्त घरोघर बायकाच करीत, खाटा उन्हात टाकून आणि त्यांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतून. १९५३ पासून राष्ट्रीय हिवताप मोहिमेत घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारले जाऊ लागले. प्रारंभी ढेकूणही मेले, पण लवकरच ते त्या औषधाला दाद देईनासे झाले.

यानंतरचे वळण पनवेलच्या दृष्टीने निर्णायक ठरले. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या या जुन्या गावाभोवती १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या केल्या, आणि तेथे नोकरीनिमित्त आलेली माणसे राहू लागली ती प्रामुख्याने ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे भाडेकरू म्हणून नव्हे तर मालकाच्या परवान्यावर. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू मानले. त्यानंतरच्यांना ते संरक्षण मिळाले नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जुनी तरतूद कलम १४ मध्ये कायम ठेवली, परंतु ती भाडेकरूसाठी, आणि तीही उलट करार नसेल तरच. अकरा महिन्यांचा परवानाधारक तिच्या कक्षेबाहेर राहिला. मुदत संपल्यावर त्याला बाहेर काढण्यासाठी मालकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा जलद मार्ग आहे, आणि तोवरच्या ताब्याबद्दल दुप्पट शुल्काची वसुलीही आहे. परवानाधारकाने मात्र ढेकणांची तक्रार घेऊन दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी! हा पक्षपात मला उघड अन्याय वाटतो. पण त्या दुप्पट वसुलीचा धोका असल्याने रागाच्या भरात शुल्क थांबवून जागेत बसून राहणे, हा मार्ग त्याने पत्करू नये.

तथापि तो अगदीच निःशस्त्र नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे कलम ५७ सांगते की, परवाना घेणाऱ्याच्या जिवाला वा मालमत्तेला धोका पोहोचेल असा जो दोष देणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, तो देणाऱ्याने उघड केला पाहिजे. छत पोखरणारी वाळवी किंवा मोरीतून घरात येणाऱ्या घुशी यांत बसू शकतात. ढेकणांविषयी वाद होईल, आणि तेथे पुरावा कामास येतो. ढेकणाचे पिल्लू पाच वेळा कात टाकून प्रौढ होते व त्याला कित्येक आठवडे लागतात. तेव्हा सामान लावल्याला आठवडाही झाला नसताना, मालकाच्याच पलंगाच्या फळीमागे काळे ठिपके, लहानमोठ्या आकाराच्या काती आणि पूर्ण वाढलेले ढेकूण एकत्र सापडले, तर ते परवानाधारकाच्या गादीतून आले असे म्हणणे टिकत नाही. शिवाय हा प्राणी रक्तावाचून महिनोन् महिने जगतो, त्यामुळे सदनिका मध्यंतरी बंद होती ही सबबही लंगडी पडते. हे सारे त्याच दिवशी छायाचित्रांसह मालकाला लेखी कळवावे. कीड सामायिक नळ्यांतून किंवा शेजारच्या घरातून येत असेल, तर सोसायटीकडे अर्ज मालकाच्या सहीने जावा, कारण सभासद तो आहे. आणि गटार वा कचरा हे मूळ असेल, तर १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका झालेल्या पनवेलच्या आरोग्य विभागाकडे परवानाधारक स्वतःही तक्रार नोंदवू शकतो. धान्याच्या कोठारातील ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घरात ठेवू देऊ नयेत. त्यांतून सुटणारा वायू माणसांचा जीव घेतो.

२०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा संमत केला, तो राज्याने स्वतंत्र कायदा केल्याखेरीज लागू होत नाही. तोवर सारी भिस्त करारनाम्यावर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तो लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तसा दस्तऐवज नसेल तर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. सही करण्यापूर्वी त्यात तीन ओळी घालून घ्याव्यात : ताबा देण्यापूर्वी पेस्ट कंट्रोल मालकाने करून पावती जोडावी, पहिल्या महिन्यात आढळलेल्या किडीचा खर्च त्याचा, आणि लेखी सूचनेनंतर पंधरा दिवसांत उपाय न झाल्यास परवानाधारकाने तो करून खर्च मासिक शुल्कातून वजा करावा, अथवा संपूर्ण अनामत परत घेऊन, मुदतीपूर्वी जागा सोडावी.