देवीच्या वणांपासून हळदीच्या वाफेपर्यंत

हिंगोली जिल्ह्यातल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या दंडावर अजून रुपयाएवढे गोल वण दिसतात. देवी टोचल्याचे. १९६२ साली देवीनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा दंडावर टेकवून गरकन फिरवायचं चक्रीसारखं हत्यार वापरात होतं. त्याची जखम मोठी व्हायची, पिकायची. पुढे दुतोंडी सुई आली. मे १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही आणि १९८० साली जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं. पण ज्यांना लस वेळेवर मिळाली नव्हती, त्यांच्या गालांवर खड्डे राहिले. चेहऱ्याच्या कातडीतल्या तेलग्रंथीच तो रोग जाळायचा, म्हणून खड्डे तिथे सगळ्यात खोल. नोकरीच्या कागदांवर ‘ओळखखूण’ या रकान्यात ते आयुष्यभर लिहिले गेले. उपाय करता येईल, हे तेव्हा इथे कुणाच्या मनातही नव्हतं.

त्यानंतरच्या काळातले ठळक वण भाजल्याचे. तान्ह्या लेकराचं पोट फुगलं की तापल्या सळईने डाग द्यायचे, ही तर जुनीच रीत. त्यात पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह आणि नायलॉनची साडी घरोघर आली. ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून नोंदलेलं प्रत्येक जळणं अपघात नव्हतं. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाचं ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम कायद्यात आलं ते त्यामुळेच. मेलेल्यांची निदान चौकशी झाली. वाचलेल्या बायकांकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. हनुवटी छातीला ओढली गेलेली, कोपर सरळ होत नाही, बोटं एकमेकांना चिकटलेली, अशा अवस्थेत त्यांनी भाकरी थापल्या.

हे असं का होतं? जखम भरली म्हणजे काम संपलं, असं आपण धरतो. कातडीखाली मात्र नवे तंतू तयार होणं, आवळणं आणि हळूहळू मऊ पडणं हे वर्ष-दीड वर्ष चालू असतं. सांध्यावर खोल भाजलं असेल तर याच काळात कातडी ओढली जाते. काही वण लाल, जाड होतात, खाजतात, पण जखमेच्या हद्दीत राहतात आणि कालांतराने बसतात. केलॉइड नावाचा वण मात्र हद्द ओलांडून वाढत जातो, बहुधा कानाच्या पाळीवर, छातीवर, खांद्यावर. तो नुसता कापून काढला तर पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. त्यामुळे चार-सहा आठवड्यांच्या अंतराने वणातच स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. जाड वणावर सिलिकॉनची पट्टी रोज बारा तास तरी, दोन-तीन महिने लावायची. मोठ्या भाजण्यात घट्ट मापाचे दाबाचे कपडे जवळजवळ दिवसभर घालायचे, सोबत सांध्याचा व्यायाम आणि रात्री पट्टी बांधून सांधा ताठ ठेवणं. मुरुमांच्या, देवीच्या खड्ड्यांना लेझर किंवा सुयांचे उपचार आहेत. त्यांनी खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर अनाडी हाताने लेझर मारलं तर नवाच काळा डाग पडतो.

वण झाकताही येतो. लालसर वणावर आधी हिरवट छटेचा पातळ थर, त्यावर कातडीच्या रंगाचं क्रीम, वर पावडर. लग्नकार्यात तसं करून जाणाऱ्या मुलीला कुणी नावं ठेवायचं कारण नाही.

आता भाजण्याचं आणखी एक कारण, हळद. आपल्याच जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. हळद शिजवायच्या भट्टीवरच्या कढया जाऊन वाफेचे बॉयलर आले. ड्रमचं झाकण घाईने उघडलं की वाफेचा लोट थेट हातावर, तोंडावर येतो. मग पहिली धाव हळदीच्याच डब्याकडे! ताज्या भाजण्यावर हळद, शाई, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नये. जखम किती खोल आहे तेच डॉक्टरला दिसत नाही. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरावं, बर्फ लावू नये, स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा.

पूर्वी मोठा दवाखाना म्हणजे नांदेड किंवा औरंगाबाद. २०१३ च्या अखेरीस राजीव गांधी जीवनदायी योजना, आताची महात्मा फुले जनआरोग्य योजना, राज्यभर लागू झाली, त्यात भाजल्यावरचे उपचार आले. २०२४ मध्ये हिंगोलीतच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे आठवड्याचा एक दिवस भाजून बरं झालेल्यांच्या फेरतपासणीसाठी राखून ठेवावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि घरात कुणी भाजलं असेल, तर जखम भरली म्हणून थांबू नका. पुढचं वर्षभर त्यांना दर महिन्याला दाखवून आणा.